जेवण बदललं, मग रिपोर्ट का बदलंना? कोलेस्टेरॉलच्या तपासणीबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरकडं एका तालुक्याच्या गावात रक्त-लघवी तपासायची लॅब चालवतो. डॉक्टर नाही मी, रक्त काढणारा आणि मशीन चालवणारा माणूस आहे, त्यामुळं कोणती गोळी घ्या हे इथं सापडणार नाही. पण रिपोर्ट न्यायला आलेला माणूस डॉक्टरच्या आधी मलाच विचारतो, "भाऊ, कसा आलाय?" आणि त्यातले लई जण असे असतात की दोन-तीन महिने तळलेलं बंद केलेलं असतं, भाकरी-वरणावर काढलेले असतात आणि तरी कागदावर ठळक आकडा दिसला की तोंड उतरतं. काउंटरवर उभं राहून तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून काढलं.

रिपोर्टवर सात-आठ आकडे असतात, त्यातला कोणता बघायचा?

जेवण बदलल्यानंतरचा रिपोर्ट असेल तर आधी एलडीएल, म्हणजे ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, आणि नॉन-एचडीएल. टोटल कोलेस्टेरॉल ही नुसती बेरीज आहे, त्यात एचडीएल म्हणजे ज्याला लोक चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते पण धरलेलं असतं, म्हणून टोटल वाढलं का कमी झालं एवढ्यावरून काहीच कळत नाही. नॉन-एचडीएल म्हणजे टोटलमधून एचडीएल वजा केलं की जे उरतं ते. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर हा आकडा छापलेलाच नसतो, घरी करा, दुसरीच्या पोराला येईल एवढी सोपी वजाबाकी आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसणारं जे जे आहे ते सगळं त्यात येतं.

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, ते वेगळं प्रकरण आहे, त्याच्यावर खाली सविस्तर आहे कारण आपल्या भागात खरा गोंधळ तिथंच होतो. व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइडच्या सोबत फिरणारं कोलेस्टेरॉल) बघून घाबरू नका, तो बहुतेक ठिकाणी मोजलेलाच नसतो, ट्रायग्लिसराइडला पाचानं भागून छापलेला असतो. आणि ते रेशो-बिशो मागच्या पानावरचे, ते सोडून दिले तरी चालतंय.

माझं टोटल २३२ वरून २०८ वर आलं. जमलं ना मग?

थांबा. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा. समजा पहिल्यात टोटल २३२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २१० होतं. २१० भागिले ५ म्हणजे ४२, ते आणि ३८ टोटलमधून काढले की एलडीएल उरतं १५२. आता दुसऱ्यात टोटल २०८, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड १४०. १४० भागिले ५ म्हणजे २८, मग एलडीएल येतं १४४.

म्हणजे टोटल २४ नी उतरलं पण एलडीएल फक्त ८ नी. बाकीचा उतार कुठून आला? १४ व्हीएलडीएलमधून आला, म्हणजे ट्रायग्लिसराइड कमी झालं म्हणून, आणि २ एचडीएलमधून. अशा माणसाला मी विचारतो की साखरेचा चहा कमी केला का, तर म्हणतो हाव की, सहाचे दोनवर आणले. मग बरोबर आहे, चहाची साखर सुटली त्याचा गुण कागदावर आला. पण तूप, डालड्यातली बिस्किटं, फरसाण हे तसंच चालू असणार, कारण एलडीएलला धक्का लागलेला नाही. १५२ आणि १४४ हा फरक खरा मानायचा का नाही हे पुढच्या प्रश्नात.

काल एका लॅबमध्ये १५२ आलं, परवा दुसरीकडं १४०. कोण खोटं बोलतंय?

बहुतेक वेळा कोणीच नाही. रक्तातलं कोलेस्टेरॉल हे विहिरीच्या पाण्यासारखं आहे, काहीही न करता थोडं वर-खाली होत राहतं. त्याच माणसाचं, त्याच खाण्यावर, एलडीएल आठ-दहा टक्क्यांनी इकडं-तिकडं होतं आणि त्यात मशीनचा थोडा फरक मिळवा. म्हणजे ज्याचं खरं एलडीएल १४० च्या आसपास आहे त्याचं कधी १२८ येईल, कधी १५२. ट्रायग्लिसराइडचं तर विचारूच नका, ते वीस-तीस टक्के सहज हलतं.

अजून बारीक गोष्टी आहेत ज्या पेशंटला कोणी सांगत नाही. दंडाला पट्टा बांधून नस सापडेपर्यंत दोन-तीन मिनिटं लागली तर तिथलं रक्त घट्ट होतं आणि आकडा वाढून येतो. पलंगावर पडून रक्त दिलं तर उभ्या-बसलेल्यापेक्षा कमी येतो. हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा थोडा जास्त येतो, आणि आपल्याकडं हिवाळा म्हणजे डिंकाचे लाडू आणि हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, ते वेगळंच.

म्हणून माझा हिशोब असा: एका रिपोर्टमध्ये एलडीएल दहा-बारा टक्क्यांच्या आत हललं असेल तर त्यावर ना पेढे वाटायचे ना कपाळाला हात लावायचा. तेवढाच फरक त्याच दिशेनं दुसऱ्यांदा आला, किंवा एकदम वीस-पंचवीस टक्के पडला, तर काहीतरी घडलंय. तुलना करायची तर तीच लॅब, सकाळची साधारण तीच वेळ, आधी पाच मिनिटं शांत खुर्चीवर बसून. लॅब बदलत फिरू नका. मी माझ्या धंद्यासाठी सांगत नाही, दुसऱ्या कोणाकडं जा पण मग त्याच्याकडंच जात राहा.

एलडीएल मशीन मोजतं का हिशोबानं काढतात?

दोन्ही चालतं. वरचा वजाबाकीचा हिशोब फ्रीडवाल्ड या शास्त्रज्ञाचा, १९७२ चा आहे आणि अजून जगभर चालतो. त्याची अडचण एवढीच की ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशोब चुकतो, म्हणून तिथं लॅबनं एलडीएल लिहायचंच नसतं, डायरेक्ट एलडीएल म्हणजे थेट मोजलेलं मागायचं. पहिला रिपोर्ट डायरेक्टचा आणि दुसरा हिशोबाचा असेल तर दोघांची तुलना करत बसू नका. कागदावर लिहिलेलं असतं, नसलं तर विचारा, सांगायला काय पैसे लागत नाहीत.

पथ्य सुरू केल्यावर किती दिवसांनी तपासायचं?

सहा आठवडे तरी जाऊ द्या, बारा झाले तर अजून चांगलं. एलडीएल सावकाश बदलणारं जनावर आहे, खाण्यातला बदल त्याच्यात नीट उमटायला महिना-दीड महिना लागतो. पंधरा दिवसांत येऊन "भाऊ बघा की काय फरक पडला का" म्हणणाऱ्याला मी परत पाठवतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालंल.

याच्या उलट ट्रायग्लिसराइड दोन-चार दिवसांत पलटी मारतं. त्यामुळं एक गंमत होते. तपासणीच्या आधी चार दिवस कडक पथ्य पाळणारे लोक असतात, म्हणजे डॉक्टरला फसवायला, पण फसतं फक्त ट्रायग्लिसराइड, एलडीएल जिथं होतं तिथंच. आणि उलटं पण होतं, तीन महिने नीट राहिलेला माणूस मेव्हण्याच्या लग्नात दोन दिवस जेवून-पिऊन तिसऱ्या दिवशी सकाळी सॅम्पल देतो आणि ट्रायग्लिसराइड ३०० बघून सगळं पाण्यात गेलं म्हणतो. पाण्यात नाही गेलं. एलडीएल बघा, ते लग्नाला गेलं नव्हतं. आठ-दहा दिवस नेहमीचं खा आणि परत द्या.

तपासणीच्या आधी खाण्यात वेगळं काहीच करायचं नाही, रोज जसं खाता तसंच खाऊन यायचं, तरच तो आकडा तुमचा.

उपाशीपोटीच लागतं का?

पहिल्यासारखी सक्ती आता राहिली नाही. टोटल, एचडीएल आणि नॉन-एचडीएल जेवून दिलं तरी फारसं हलत नाही, त्यामुळं पहिल्यांदा नुसतं बघायचं असेल तर खाऊन आला तरी डॉक्टर घेतात. पण ट्रायग्लिसराइड जेवल्यावर वाढतं आणि हिशोबानं काढलेलं एलडीएल त्याच्यामुळं कमी दिसतं. जेवण बदलल्याचा परिणाम तपासायचा आहे, जुना रिपोर्ट उपाशीपोटीचा आहे, तर नवा पण उपाशीपोटीच द्या. रात्री आठला जेवून सकाळी आठला आलं की झाले बारा तास. पाणी प्यायचं, पोटभर प्यायचं, पाणी न पिता आलेल्या माणसाची नस सापडताना माझी वाट लागते. चहा नाही. "बिनसाखरेचा घोटभर" पण नाही. तंबाखूची चिमूट पण तोंडात धरून येऊ नका, काही लोकांना ती खाण्यात मोजायची आठवणच राहत नाही. दारू असेल तर दोन-तीन दिवस आधीपासून बंद.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी राहायच्या आधी डॉक्टरला विचारा, लॅबच्या बाकावर चक्कर येऊन पडलेले मी बघितलेत.

तेलकट पूर्ण सोडलं, तरी ट्रायग्लिसराइड वाढलं. असं कसं?

हा मराठवाड्याचा नंबर एकचा प्रश्न आहे. माणसाला वाटतं चरबी वाढली म्हणजे चरबी खाल्ली म्हणून वाढली. पण ट्रायग्लिसराइड लिव्हर स्वतः तयार करतं, आणि त्याला कच्चा माल लागतो तो जास्तीची साखर, मैदा, भात आणि दारू. तेलकट सोडलेला माणूस पोट भरायला काय करतो? भजी सोडली म्हणून टोस्ट-खारी खातो, चार वेळा चहा होता तो सहा वेळा होतो. एका कपात दोन चमचे साखर धरली तर सहा कपांत बारा चमचे, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसती चहातून. वर मे महिना असेल तर रोज वाटीभर आमरस, त्यात परत साखर.

आणि उपवास. आपल्या आयाबाया सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी सगळं धरतात, एकादशी दुप्पट खाशी हे काय उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर बटाटा, रताळं, केळं, वरून साखर घातलेलं ताक. आठवड्यात दोन-तीन दिवस असं झालं की ट्रायग्लिसराइडला दुसरं काही लागत नाही. उपवास सोडा म्हणायला मी कोण, पण भगर, राजगिरा, शेंगदाणे, दही, काकडी यांच्यावर उपवास होतोच की, आणि पोटाला पण बरा.

एवढं करून पण हलत नसेल तर शुगर तपासा. शुगर बेताल असली की ट्रायग्लिसराइड वाढतंच, कितीतरी लोकांना डायबिटीस आहे हे असंच कळतं. माझ्याकडं कधी कधी ट्यूब फिरवून काढली की वरचं सिरम म्हणजे रक्तातलं पाणी पिवळसर दिसायच्या ऐवजी दुधासारखं पांढरं दिसतं, मशीनला लावायच्या आधीच कळतं की आकडा मोठा येणार. ५०० च्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज यायचा धोका असतो, तिथं पथ्य-बिथ्य करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडं जा.

मी माळकरी आहे, अंडं-मटण जन्मात खाल्लं नाही. माझं का वाढावं?

माऊली, रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, शरीर स्वतः बनवतं, आणि त्यात लिव्हरचा वाटा मोठा. ते किती बनवायचं आणि रक्तातून किती परत उचलायचं हे काही प्रमाणात आई-बापाकडून आलेलं असतं. एलडीएल उचलणाऱ्या त्या पेशींवरच्या दाराचा शोध लावला म्हणून ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघा शास्त्रज्ञांना १९८५ ला नोबेल मिळालं. ताटातलं जे एलडीएल जास्त वाढवतं ते म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, थिजणारी चरबी, आणि ती शाकाहारात पण भरपूर आहे: तूप, साय, खवा, पेढे, पाम तेल, वनस्पती तूप. आपल्याकडं दर सप्ताहाची पंगत काय, बुंदी कशात तळलेली असते ते आचाऱ्याला विचारा एकदा.

दुसरं, थायरॉइड. थायरॉइड मंद असलं की एलडीएल वाढतं, कितीही पथ्य करा. बायकांमध्ये तर हे फार सापडतं आणि पाळी गेल्यावर तसं पण एलडीएल वर सरकतं. काही कारण सापडत नसेल तर डॉक्टरला टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करू का म्हणून विचारा. किडनीचा त्रास, स्टेरॉइडच्या गोळ्या ही पण कारणं असतात. म्हणून तुम्ही पथ्य मोडलं असंच घरच्यांनी धरून चालू नये, कितीतरी म्हाताऱ्या माणसांना पोरं-सुना विनाकारण रागावतात. बारीक माणसाला आणि दिवसभर रानात राबणाऱ्याला पण होतं हे.

तेल कोणतं चांगलं? बदललं की रिपोर्टमध्ये दिसतं का?

दिसतं, पण कशाच्या जागी काय आणलं यावर. डालडा किंवा पाम तेलाच्या जागी करडई, सूर्यफूल, सोयाबीन, शेंगदाणा आलं तर एलडीएल उतरतं. शेंगदाणा तेलाच्या जागी सूर्यफूल आणलं तर फार काही दिसणार नाही, दोन्ही ठीकच आहेत.

करडईचं मला वाईट वाटतं. आपल्या आजीच्या काळात मराठवाड्यात ज्वारीच्या रानात करडईचे पट्टे असायचे आणि घाण्यावरचं करडईचं तेल घरोघरी असायचं, परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी कुसुम नावाचा वाण पण दिला, आणि आपण काय केलं तर सगळीकडं सोयाबीन पेरलं आणि घरात पिशवीतलं तेल आणलं. करडईच्या तेलात ज्या प्रकारची चरबी जास्त असते ती एलडीएल कमी करणारी आहे. आता डॉक्टर शहरातून तेच सांगतात तेव्हा हसावं का रडावं कळत नाही.

पण तेल कोणतं याच्यापेक्षा किती हे आधी बघा. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरे. चौघांच्या घरात पंधरा किलोचा डबा या हिशोबानं साडेपाच ते आठ महिने जायला पाहिजे. तुमच्या घरी किती दिवस जातो ते घरात विचारा आणि मग रिपोर्टवर चर्चा करू. आणि पाकिटावर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलंय म्हणून दहा रुपये जास्त देऊ नका, झाडाच्या कोणत्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं.

हॉटेलातल्या परत परत तापवलेल्या तेलापासून मात्र लांब राहा. ट्रान्स फॅट म्हणजे वनस्पती तूप बनवताना तयार होणारी वाईट चरबी, तिच्यावर सरकारनं जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तेल, वनस्पती तूप आणि त्यात केलेल्या पदार्थांवर, पण स्टँडवरच्या कढईत दिवसभर उकळणाऱ्या तेलाला कोण मोजतंय.

ज्वारीची भाकरी खाल्ल्यानं कोलेस्टेरॉल उतरतं ना?

मैदा, पाव, पांढरा भात यांच्या जागी आली तर फायदा आहे, तंतू जास्त, पोट भरलेलं राहतं. पण भाकरीबरोबर लोणी असेल आणि आमटीवर बोटभर तर्री असेल तर भाकरीनं एकटीनं काय करायचं. एलडीएल उतरवणारा तंतू जास्त करून डाळी, हरभरा, मटकी, घेवडा, ओट्स, पेरू यांच्यात असतो. तेव्हा भाकरी राहू द्या, वरण घट्ट करा.

अंडी, मटण पूर्ण बंद करावं लागतं का?

एका अंड्यात पावणेदोनशे-दोनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, सगळं पिवळ्यात. तरी बहुतेक लोकांना दिवसाला एखाद्या अंड्यानं एलडीएलला मोठा धक्का बसत नाही, ज्यांना शुगर किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरला विचारून ठरवावं. मटणाचं म्हणाल तर आपली उस्मानाबादी शेळी आणि तिचं मटण, ते सोडा म्हटलं तर लोक मला गावात राहू देणार नाहीत. चरबीचे तुकडे काढून टाका, भेजा-वजडी नको, रस्स्यावरचं तेल पळीनं बाजूला करा, आठवड्याचं पंधरा दिवसांवर न्या. संभाजीनगरचा नान खलिया सणासुदीला.

श्रावण पाळणाऱ्यांसाठी एक टीप: श्रावण संपता संपता तपासलं आणि कमी आलं तर तो श्रावणाचा आकडा आहे, वर्षाचा नाही.

पथ्य केल्यावर चांगलं कोलेस्टेरॉल पण कमी झालं. नुकसान झालं का?

फॅट एकदम कमी केलं की एचडीएल पण दोन-चार आकडे उतरतं, जोरात वजन कमी होत असताना पण उतरतं, वजन एका जागी थांबलं की परत येतं. एलडीएल १६० चं १३० झालं आणि एचडीएल ४० चं ३७, तर सौदा तोट्याचा नाही. एचडीएल कमी असणं तर आपल्या देशात घरोघरी आहे. रोजचं जोरात चालणं, विडी-सिगारेट सोडणं याच्यानं थोडं वाढतं, पण त्याच्यासाठी वेगळं औषध मागू नका, नुसतं एचडीएल वाढवणारी औषधं काढून बघितली कंपन्यांनी, त्यातून हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत.

यूट्यूबवर बघून भाकरी-भात बंद करून तूप-पनीर-अंडी सुरू केली. वजन आठ किलो उतरलं पण एलडीएल २१० आलं. लॅब चुकली का?

लॅब चुकली नसेल. अशा खाण्यावर ट्रायग्लिसराइड मस्त उतरतं, एचडीएल वाढतं, आणि काही लोकांचं एलडीएल मात्र उसळी मारतं, सडपातळ माणसांचं तर जास्तच. "बाकी सगळं सुधारलंय, एलडीएल सोडून द्या" असं तिथं सांगतात. मी तसं म्हणणार नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडं जा आणि तूप खाताय हे खरं सांगा, लाजू नका.

नुसत्या जेवणानं एलडीएल किती उतरावं?

नीट पाळलं तर साधारण पाच ते पंधरा टक्के. आधी खाणं फारच बिघडलेलं असेल तर जास्त पण उतरतं. म्हणजे १६० चं १४० झालं तर तुम्ही काम चोख केलंय, १६० चं ७० व्हावं ही अपेक्षा जेवणाकडून ठेवू नका. ट्रायग्लिसराइड मात्र जेवणाला जास्त ऐकतं, वजन पाच-दहा टक्के उतरवलं तर ते वीस टक्क्यांच्या आसपास खाली येतं. लोकांना कमी उतरल्याचं वाईट वाटतं आणि मग चिडून परत भज्यावर येतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा आकडा ठळक छापलेला नाही, म्हणजे नॉर्मल?

रिपोर्टवरची रेंज सगळ्यांसाठी एकच छापलेली असते, मशीनला तुम्हाला अटॅक येऊन गेलाय का नाही हे माहीत नसतं. सर्वसाधारण माणसाला एलडीएल १०० च्या आत चांगलं, १३० च्या पुढं काठावर, १६० च्या पुढं जास्त. पण भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात जोखमीप्रमाणं वेगळं सांगितलंय: धोका जास्त असलेल्यांना ७० च्या आत, आणि अटॅक वगैरे होऊन गेलेल्या फार धोक्यातल्या लोकांना ५५ च्या आत. नॉन-एचडीएल त्याच्यापेक्षा तीसनं जास्त धरायचं. म्हणून स्टेंट बसवलेल्या माणसाचं ९५ हे कागदावर साधं दिसलं तरी त्याच्यासाठी जास्तच आहे, आणि पंचविशीतल्या धडधाकट पोराचं १०८ ठळक छापलंय म्हणून त्याच्या आईनं रात्रभर जागायचं कारण नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला. गोळी बंद करू का?

नका करू. स्वतःच्या मनानं तर अजिबात नका. गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आलाय, बंद केली की काही आठवड्यांत परत जिथल्या तिथं. स्टॅटिन नावाची ही गोळी एलडीएल तीस ते पन्नास टक्के आणि जास्त डोसला त्याहून अधिक उतरवते, लिव्हरमधला कोलेस्टेरॉलचा कारखाना मंद करून. पथ्य आणि गोळी एकाच महिन्यात सुरू केली असेल तर कुणामुळं किती उतरलं हे रिपोर्टवरून ओळखता येत नाही, तरी लोक श्रेय पथ्याला देतात, किंवा शेजारणीनं दिलेल्या काढ्याला. पाय दुखतात, अंग दुखतं असं वाटत असेल तर ते डॉक्टरला सांगा, डोस बदलतात, दुसरी गोळी देतात.

जवस, लसूण, मेथी, काढा?

जवसाची चटणी खा, कारळाची खा, चवीला पण चांगली आहे आणि थोडाफार फायदा होतो. लसणाचा असला तरी किरकोळ. गोळीच्या जागी मात्र यातलं काहीच चालत नाही. आणि पुडीतून मिळणारा कुठलाही काढा किंवा चूर्ण चालू असेल तर डॉक्टरला सांगा, लिव्हरचे आकडे बिघडलेले मी बघितलेत.

डेंग्यू होऊन गेला, त्यात कोलेस्टेरॉल एकदम कमी आलं. बरं झालं म्हणायचं?

नाही. मोठा ताप, ऑपरेशन, अटॅक, अपघात यात एलडीएल खोटं खोटं खाली जातं आणि ट्रायग्लिसराइड वर जाऊ शकतं. साध्या आजारानंतर दोन-तीन आठवडे, मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिने जाऊ द्या. गरोदरपणात उलटं, सगळंच वाढतं, ती तपासणी त्या काळात करून उगाच जीवाला घोर लावून घेऊ नका.

किती आलं की पथ्य करून बघतो म्हणायचं नाही, सरळ डॉक्टरकडं जायचं?

एलडीएल १९० किंवा वर, परत तपासून पण तेवढंच. घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल, टाचेच्या मागच्या शिरेवर घट्ट गाठी असतील, तर हे घराण्यातून आलेलं असू शकतं, मग सख्ख्या भावंडांचं आणि पोरांचं पण तपासा. लहान पोराचं काय कोलेस्टेरॉल तपासायचं म्हणून हसू नका, अशा घरात तपासतात. तिथं जेवणाचा दोष नसतो.

मुलगा परदेशात आहे, त्याच्या रिपोर्टवर टोटल ५.४ आलंय. एवढं कमी?

माप वेगळं आहे, आपलं मिलिग्रॅम आणि त्यांचं मिलिमोल, जसा आपला शेर आणि त्यांचा किलो. कोलेस्टेरॉलच्या त्या आकड्याला ३८.६७ नं गुणा, म्हणजे ५.४ चे होतात २०९ च्या आसपास. ट्रायग्लिसराइड असेल तर ८८.५७ नं. बापाचंच आलंय पोराला बहुतेक.

पुढच्या वेळी येताना काय आणू?

जुना रिपोर्ट. मोबाइलमधला फोटो नको, निम्मा कापलेला असतो. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेननं लिहून आणा की कधीपासून काय बदललं, तेलाचा डबा किती दिवस गेला, चहा किती होता आणि आता किती, वजन तेव्हा किती आणि आता किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि मागच्या दोन आठवड्यांत ताप-लग्न-जत्रा काय काय झालं. डॉक्टरला पाच मिनिटं मिळतात तुमच्यासाठी, त्यात हे सगळं तोंडी आठवत नाही. आणि पाणी पिऊन या.